नाकापर्यंत येऊन परतणारं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. मला उघडायला कुणी येऊ नका. माझी किल्ली केव्हाच हरवली आणि आता मला तिचं काही सोयरसुतक उरलेलं नाही.

तरुणपणी मी एका गोदामाच्या दारावर होतो. काम सोपं होतं, गप्प बसायचं आणि कुणाला आत सोडायचं नाही. माझा स्वभाव तिथेच घडला. थोडा आखडू, थोडा संशयी, पण शब्दाला पक्का. मग गोदाम बंद पडलं, किल्ली कुणाच्या तरी खिशातून गेली ती गेलीच, आणि मी भंगारवाल्याच्या ढिगात येऊन पडलो. तिथे पाण्याच्या फुटक्या नळांशी आणि बिनचाकाच्या सायकलींशी गप्पा मारत गंजण्यापलीकडे काही भविष्य दिसत नव्हतं.

एक दिवस एक बाई आल्या. त्यांनी मला उचललं, हातात तोललं, कडीला दोरी बांधून हलवून पाहिलं.

"किल्ली नाही याला," भंगारवाला म्हणाला.

"मला कुलूप नकोय. वजन हवंय."

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. तो गिळून मी पिशवीत बसलो.

बाई भौतिकशास्त्रज्ञ होत्या. उभा जन्म प्रयोगशाळेत काढून निवृत्त झाल्यावर त्या घरीच मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांनी जेवणाच्या खोलीतला पंखा काढला आणि त्याच्या हुकाला मला लांब दोरीने टांगलं. उन्हाळ्यात मुलं घामाघूम व्हायची, पण पंखा काही परत आला नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. गणित समोर आलं की पेन खाली ठेवायचं आणि आधी अंदाज सांगायचा. सूत्र नंतर. उत्तर आलं की त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू शक्य आहेस का? एकदा एकाच्या उत्तरात सायकलवाल्याचा वेग विमानापेक्षा जास्त निघाला. बाईंनी शांतपणे विचारलं, त्याची टोपी डोक्यावर राहिली असेल का? आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, खोडायचं असेल तर कारण सांगायचं. कारण नसेल तर खोडायचं नाही.

हा शेवटचा नियम ज्या मुलीसाठी जन्माला आला, तिला घरी खोडरबर म्हणत. आदल्या वर्षी तिचे नेमके हेच दोन विषय राहिले होते. अक्कल कमी नव्हती. ती बरोबर उत्तर काढायची, त्याच्याकडे पाहायची, घाबरायची आणि खोडून टाकायची. तिचे वडील शिंपी. त्यांनी सांगून टाकलं होतं की यंदाही राहिली तर शिक्षण पुरे, दुकानात बसायचं. तिला पुढे शिकायचं होतं, पण हे मोठ्याने म्हणायचंही तिला धाडस नव्हतं.

बाईंनी तिला भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून उभं केलं. तिने मला स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला लावायचं, न ढकलता सोडायचं, हात मागे घ्यायचे आणि हलायचं नाही. मी खोलीभर जाऊन परत येणार, पण निघालो त्याच्या पुढे येणार नाही. हा निसर्गाचा नियम होता आणि मला तो पाळावाच लागायचा. नियम तिला तोंडपाठ होता. तरी मी परत फिरलो की ती बाजूला पळायची. रोज.

आणि ज्या दिवशी ती पळाली नाही, त्याच दिवशी मी तिच्या नाकावर आदळलो.

रक्त पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं दार राखलं, कुणाला ओरखडा काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर वडील आले. आजपासून शिकवणी बंद, एवढंच सांगायला. बाईंनी आधी माफी मागितली. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "नियम चुकला का गं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग नाकावरची पट्टी सांभाळत भिंतीपाशी गेली, उभी राहिली, आणि कालच्यासारखी मान पुढे काढून पाहिली.

"नियम नाही चुकला," ती म्हणाली. "सोडल्यावर ते कुठवर जातंय ते बघायला मीच पुढे वाकले."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. ती तिथेच थांबली नाही. डोकं भिंतीला टेकवलं, मला पट्टीला लावलं आणि सोडून दिलं. लोखंडाला घाम फुटत असता तर मला फुटला असता. मी गेलो, वळलो, परत आलो. ती हलली नाही. पट्टीपासून बोटभर अंतरावर मी थांबलो आणि मागे फिरलो. वडील म्हणाले, परीक्षेपर्यंत येऊ दे.

परीक्षेतली गोष्ट तिनेच येऊन सांगितली. शेवटच्या गणिताचं उत्तर आलं आणि हात सवयीने खोडरबराकडे गेला. तिने स्वतःला कारण विचारलं. कारण सापडेना. मग ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसून राहिली, इतका वेळ की पर्यवेक्षकांनी येऊन विचारलं, बरं वाटत नाही का?

निकाल लागला. पहिली वगैरे आली नाही, पण दोन्ही विषय सुटले. ती दारातूनच "सुटले" म्हणाली आणि बाई, ज्यांना मी कधी टेकलेलं पाहिलं नव्हतं, त्या मटकन खुर्चीत बसल्या. मलाही खूप हलकं वाटलं. ज्याला वजन म्हणून घरी आणलं, त्याने हे सांगावं हीसुद्धा गंमतच.

तिच्या मागोमाग वडील आत आले. कॉलेजच्या प्रवेशाचं बोलणं झालं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. शेवटी चप्पल काढून ते भिंतीपाशी गेले.

"डोकं टेकवा, बाबा. पुढे वाकायचं नाही," म्हणत तिने मला त्यांच्या नाकाला लावलं. "आणि डोळे उघडे ठेवा. ते तुमच्यापर्यंत येणार नाही."

"तू म्हणतेस ना?"

"मी म्हणते."

तिने मला सोडलं. मी खोलीच्या त्या टोकाला गेलो आणि वळून पाहिलं. वडील जागचे हलले नव्हते, आणि ते माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहत होते.

म्हणून एवढंच मागणं आहे. पंखा हवा असेल तर दुसरा हुक शोधा. मला इथेच राहू द्या.