बुकित बातोकचा करडा पाइप

मित्रांनो, आंघोळीला गरम पाणी आलं की तुम्ही हीटरचं कौतुक करता, फार तर शॉवरचं. त्या दोघांच्या मधला पाइप कुणाला आठवत नाही. तो मी. करडा, प्लास्टिकचा आणि आता मोडीत निघालेला. माझी गोष्ट गोड नाही, पण तुम्ही ती ऐकलीच पाहिजे.

कारखान्यात मला वितळवून लांब ओढलं आणि माझ्या अंगावर माझ्या जातीचं नाव बारीक अक्षरांत छापलं. पाइपांच्याही जाती असतात, बरं का! काही प्लास्टिकचे पाइप खास गोंद लावला की एकजीव होतात. आमच्या अंगाला तो गोंद धरतच नाही. आम्हाला धातूची कडी आवळूनच जोडावं लागतं. हल्ली आम्हाला कुणी बसवत नाही, म्हणून आमची ओळखही फारशी कुणाला उरलेली नाही.

सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर, मला बसवलं. पुढे घराचे मालक बदलले. त्यातल्या एकाने रंगकाम करताना मलाही पांढरा रंग फासला आणि माझी अक्षरं बुजली. मग पुण्याचे प्रताप आणि मीनल त्यांच्या छोट्या गार्गीला घेऊन राहायला आले. प्रताप इंजिनिअर. रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचा. मी त्यांची इमानेइतबारे सेवा केली. पाहुणे म्हणायचे, "तुमचा हीटर झकास आहे हं!" राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने, हे मला सवयीचं झालं होतं.

वर्षानुवर्षं गरम पाणी वाहून माझं अंग ठिसूळ झालं. एका दिवाळीच्या तोंडावर मला चीर गेली आणि सीलिंगवर ओला डाग उमटला. नेमके तेव्हाच मीनलचे वडील, निशिकांत आजोबा, पुण्याहून आले होते.

"प्लंबर सणानंतरच येईन म्हणतोय," मीनल म्हणाली. "तोवर हीटर बंद ठेवू या."

"आणि बाबांना नरक चतुर्दशीला गार पाण्याने आंघोळ घालायची?" प्रताप हसला. "अगं, मी दिवसभर पाइपांतच असतो. हा तर एवढासा."

"पण हा कुठला पाइप आहे, माहीत आहे का तुला?"

"प्लास्टिकचा. अजून काय माहीत हवं?"

खाली टॉर्च धरून उभी असलेली गार्गी तिथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडली, "पप्पा कॅन, लाह! नो नीड प्लंबर!"

कारखान्यात हाच प्रताप ओळख पटल्याशिवाय एकाही पाइपाला हात लावत नसे. घरी मात्र त्याने नखाने माझा रंगसुद्धा खरवडून पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने माझा चिरलेला तुकडा कापला, मधे नवा जोड घातला, गोंद लावला आणि वर टेप गुंडाळली. कोमट पाणी सोडून पाहिलं, तर एक थेंब गळला नाही. मीनलनेही शाबासकी दिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पाइपाला तोंड असलं तरी वाचा नसते.

नरक चतुर्दशीला पहाटेच सगळे उठले. "अभ्यंगाला पाणी कसं कढत हवं," आजोबा म्हणाले. प्रतापने हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवली. आजोबांनी गार्गीला पाटावर बसवलं आणि तिच्या पाठीला तेल चोळू लागले. वर माझा जोड सैल होत होता. मला तो धरून ठेवता येईना. मित्रांनो, माझी तेव्हाची तडफड मी तुम्हाला सांगू शकत नाही.

जोड निसटला. सीलिंगची फळी वाकलेली आजोबांना दिसली आणि ते नातीवर ओणवे झाले. गार्गीचं फक्त पाऊल भाजलं. बाकी सगळं पाणी आजोबांच्या पाठीवर पडलं. प्रताप धावत आला, त्याने पाणी बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे हॉस्पिटलमध्ये जखमा चिघळल्या आणि आजोबा गेले.

नंतर नवा पाइप बसला. मला कापून बाल्कनीत टाकलं. एका संध्याकाळी प्रताप मला मांडीवर घेऊन बसला आणि चाकूने रंग खरवडू लागला. अक्षरं दिसली, तशी त्याने ती वाचली. गार्गी लंगडत त्याच्याजवळ आली.

"पप्पा, हा तूच फिक्स केला होतास ना?"

"हो."

"मग पाणी का पडलं?"

"हा कुठला पाइप आहे, ते मला माहीत नव्हतं, बाळा."

गार्गीने माझ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "देन व्हाय यू नेव्हर टेल ममा? तिने विचारलं होतं ना!"

 प्रताप मला तसाच धरून रडत राहिला, आणि गार्गी आत आईकडे निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातला जुना पाइप गळू लागला तर आधी हीटर बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. त्याला पाइपाची ओळख पटेपर्यंत खुशाल गार पाण्याने आंघोळ करा. मोठी माणसं "मला सगळं कळतं" म्हणू लागली, तर तुम्ही लहान असलात तरी त्यांना अडवा. गार पाण्याने सण बुडत नाही. घरातलं माणूस गेलं की बुडतो.