पलटलेली कॉलर

सुज्ञ वाचकहो, एका सामान्य शिंपिणीने विनोदाचे शस्त्र कसे उगारले आणि कोठे म्यान केले, त्याचा वृत्तांत मी अल्पशिक्षित मनुष्य आपल्यासमोर नम्रपणे ठेवीत आहे.

कानडी मुलखातल्या बसवनगुडीतील सुनंदाअक्कांच्या दुकानात मी काज-बटणाचे काम करतो. गौरीचा सण आठवड्यावर आला असता अक्कांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. वॉर्डाच्या ग्रुपवर गुरुप्रसाद नामक स्थानिक पुढाऱ्याने लिहिले होते, 'बाहेरून आलेल्यांनी परत जावे. या मराठी टेलरणीकडे कोणी कपडे टाकू नयेत.' त्याच सकाळी तीन बायका आपले ब्लाउज अर्धवट शिवलेलेच परत घेऊन गेल्या होत्या.

"सण बुडाला की, अक्का!"

"स्वल्प थांबा, अण्णा." त्यांनी कन्नडमध्ये उत्तर लिहिले. त्याचा मराठी अर्थ असा: 'जाते की! माझ्या पणजीची पणजी इथंच जन्मली, तेव्हा माझं गाव कुठलं तेवढं गुरुप्रसाद अण्णांनी शोधून द्यावं. ब्लाउजांना एकेक बाही लावून झालीय. दुसरी अण्णा लावतील.'

दुपारपर्यंत सारा वॉर्ड हसत होता. तिघींपैकी दोघी पिशव्या घेऊन परतल्या. "अक्का, दोन्ही बाह्या तुम्हीच लावा!" तिसरी आली नाही.

गुरुप्रसादांना ते हास्य सोसवले नाही. सायंकाळी त्यांनी लिहिले, 'हिच्या जिभेच्या कात्रीनेच हिचा नवरा लवकर गेला.'

अक्कांची मशीन थांबली. ग्रुपवर लोक त्यांना चेतवू लागले, 'अक्का, सोडू नका!'

शस्त्र तर टेबलावरच होते. गुरुप्रसादांचा पांढरा सदरा! त्यांची पत्नी विद्याश्री तो चार दिवसांपूर्वी पदराआडून देऊन गेली होती. झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवायची होती, म्हणजे फाटकी बाजू आत दडते. "यांची नोकरी जाऊन आठ महिने झाले, अक्का. कुणाला सांगू नका," असे ती म्हणाली होती.

अक्कांनी लिहिले, 'अण्णा, माझी कात्री राहू द्या, आधी तुमची कॉलर...' पुढचे वाचून मला हसू आवरेना.

"टाका, अक्का! उद्यापासून तोंड दाखवणार नाही तो."

"तेच की," अक्का म्हणाल्या. "अंगातल्या सदऱ्याला कात्री लावायची नसते, अण्णा."

त्यांनी सगळे पुसले आणि एवढेच लिहिले, 'आमचे यजमान असते तर म्हणाले असते, जीभ चालू दे, पण कपडे वेळेवर दे.' मग कॉलर शिवायला घेतली.

गणपतीच्या मंडपात गुरुप्रसाद भाषणास उभे राहिले. विषय तोच, बाहेरचे लोक. सदरा शुभ्र, कॉलर ताठ. शेवटच्या रांगेतून अक्का ती कॉलर निरखीत होत्या.

"डावीकडे स्वल्प ओढलंय," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "परत आणलं तर नीट करून देईन."

आपण आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

पद्माकर सुलाखे, काज-बटणवाला, बसवनगुडी