सहभागी क्रमांक चार

मित्रांनो, मी मुठीत मावेल एवढा, कडांचा रंग उडालेला एक जुना रेकॉर्डर आहे. कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते ऑकलंडमध्ये, सेइनी नावाच्या मुलीने मला विकत घेतले तेव्हा. ती टोंगातल्या हापाई बेटांवरची. तिकडच्या बायका ओहोटीला खडकांवर जाऊन शिंपले, खेकडे, ऑक्टोपस पकडतात. त्यांच्या या कामावर तिला पीएच.डी. करायची होती.

मी टिपलेला पहिला मोठा आवाज तिच्या आत्याचा, कालोलाइनेचा. टोंगात बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या मुलांनी तिच्यापुढे मान वर करून बोलायचे नसते. आत्या मात्र फटकळ आणि हसरी बाई होती. मला चटईवर ठेवल्याबरोबर तिने मला बोटाने ढोसले.

"हे काय गं, खेकड्याच्या पिल्लासारखं? चावतं का?"

"नाही आत्या. नुसतं ऐकतं."

"मग राहू दे. या घरात ऐकणारं कुणीच नाही, तुझ्या आतोबासकट."

दाराशी जाळे विणत बसलेले तिचे यजमान मनासे मान न उचलता हसले. मग आत्या दुपारभर बोलत राहिली. कोणत्या वाऱ्यात खडकावर पाय ठेवू नये, बिळात ऑक्टोपस आहे हे पाण्यावरून कसे कळते, आईने पहिल्यांदा नेले तेव्हा ती कशी भोकाड पसरून रडली. मध्येच ती सेइनीच्या लग्नाची चौकशी करी आणि उत्तर यायच्या आत पुन्हा शिंपल्यांकडे वळे. शेवटी तिने मला उचलून तोंडाजवळ धरले.

"माझं नाव नीट लिही. कालोलाइने. आणि हे नातवंडांना ठेव. मी काही पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही."

"हो आत्या," सेइनी म्हणाली.

ऑकलंडला परतल्यावर मी तिच्या टेबलावर राहू लागलो. मला ऐकत ऐकत तिने पहिले प्रकरण लिहिले. टोंगात कुणी उठून थेट मुद्द्याला हात घालत नाही. आधी देवाची, राजाची, सरदारांची, समोरच्या वडीलधाऱ्यांची क्षमा मागायची, मग तोंड उघडायचे. सेइनीने तसेच केले. तिच्या मार्गदर्शक डॉ. रोवेना पिअर्स यांनी पाने उलटून पाहिली.

"सेइनी, तू अजून दारातच उभी आहेस. मुद्दा कुठंय?"

"येतोय की, डॉक्टर."

"कधी? मी निवृत्त झाल्यावर?"

दुसरे प्रकरण तिने आत्याच्या बोलण्याने भरले. तेही परत आले. "हे तुझ्या आत्यानं लिहिलंय. यात तू काय म्हणतेस?" असे बाईंनी विचारले. बाई वाईट नव्हत्या. दर आठवड्याला त्या तिच्याशेजारी बसून एकेक वाक्य सोडवत. हळूहळू सेइनीचा हात बसला. क्षमा गेली, हसू गेले, रडणे गेले. आत्याची अख्खी दुपार पानभर झाली, मग परिच्छेदभर, मग तीन ओळी. शेवटचा मसुदा वाचून बाई म्हणाल्या, "आता कुठं लेखन घट्ट झालं." सेइनी त्या दिवशी फार आनंदात होती आणि मलाही तिचा अभिमान वाटला.

आता थोडे मागचे सांगायला हवे. आत्याकडे जाण्याआधी सेइनीला विद्यापीठाच्या समितीची परवानगी काढावी लागली होती. इंग्रजीत अर्ज लिहिताना तिची फे फे उडाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तिला आपला मंजूर झालेला अर्ज दिला. "यातली वाक्यं उचल. समितीला आवडतात. सगळे असंच शिकतात." सेइनीने ती उचलली. सहभागींची नावे गुप्त ठेवून त्यांना फक्त क्रमांक दिले जातील. परीक्षेनंतर सर्व ध्वनिमुद्रणे कायमची नष्ट केली जातील. वाक्ये इतकी सफाईदार होती की त्यांचा अर्थ आपल्या आत्याशी जाऊन भिडतो, हे तिच्या ध्यानातच आले नाही. नाव छापायची, आवाज घरच्यांना परत द्यायची मुभा मागितली असती तर मिळाली असती. आत्यानेही सही करताना कागद वाचला नाही. भाचीवर कसला अविश्वास दाखवायचा?

पदवी मिळाली आणि ध्वनिमुद्रणे पुसल्याची खात्री द्या, असा समितीचा निरोप आला. सेइनी बाईंकडे धावली.

"परवानगी बदलून घेता येईल," बाई म्हणाल्या. "आत्याला सगळं समजावून सांग, तिची नव्यानं सही आण."

सेइनीने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तुझे नाव आणि तुझा आवाज मिटवून टाकायचे मी लिहून दिले आहे, हे आत्याला कोणत्या तोंडाने सांगणार? लाज तिला गिळत होती. तिने मला एकदा पूर्ण ऐकले आणि मग पुसले. मला ती दुपार अजून आठवते, पण आत्याचा आवाज माझ्यातून आता निघत नाही.

काही महिन्यांनी आत्या गेली. मनासेंचा फोन आला, "येताना ते यंत्र घेऊन ये. लोकांना तिला ऐकायचंय." थोरांना नाही म्हणायचे नसते. सेइनी "हो" म्हणाली आणि मला रिकामे घेऊन निघाली.

मयताच्या घरी भावाच्या मुलांची जागा सगळ्यांत खालची. केस मोकळे सोडून, कमरेला दुखवट्याची फाटकी चटई गुंडाळून ती मागच्या चुलीपाशी राबत होती. दफन झाल्यावर मनासे तिथे आले.

"आणलंस?"

तिने मला त्यांच्या हातात दिले.

"लाव."

"आतोबा, त्यात काही नाही."

"बिघडलंय?"

"नाही. मी पुसलं. मीच तसं लिहून दिलं होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "मग तुझ्या पुस्तकात असेल ती," ते म्हणाले. "दाखव."

सेइनीने राखेचे हात पुसले, पिशवीतून प्रबंध काढला आणि त्या तीन ओळी टोंगीत करून वाचल्या. त्यांची सुरुवात होती, "सहभागी क्रमांक चार यांच्या मते..."

"ही कोण?"

"आत्या."

मनासे पानाकडे बघत राहिले. "छान लिहिलंयस. पण ही माझी बायको नाही." मग त्यांनी मला तिच्यापुढे धरले. "तू तरी बोल. ती बोलायची तसं."

सेइनीने तोंड उघडले. "वाऱ्याची दिशा आणि खडकावरची सुरक्षितता यांचा..." तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसेच नीटनेटके, घट्ट वाक्य आले. तिसऱ्यांदा मनासेंनी हात वर केला आणि ते उठून बाहेर गेले.

मित्रांनो, लिहायला जरूर शिका. शिकताना दुसऱ्यांची वाक्ये गिरवावी लागतात, त्यात काही वावगे नाही. पण ज्या माणसाचे बोलणे तुम्ही घेऊन आलात, त्याचे काय ठेवायचे आणि काय मिटवायचे, हे त्यालाच विचारा. लाज वाटली तरी विचारा, आणि तो उत्तर देऊ शकतो तोवर विचारा.