हिरव्या बावट्याला उत्तर

मित्रांनो, त्या मंगळवारी सकाळी मी लिंबायतच्या एका गॅलरीतून नेहमीसारखा फडकलो. खाली आबांची लेक सुषमा रिक्षात बसली आणि वर न पाहता गेली. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत आबांनी मला खाली घेतलं नाही. मग काठीवर गुंडाळताना ते पुटपुटले, "आजही राईट नाही मिळाला." संध्याकाळी ती कतारगामहून कामावरून परतली, तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

मी एक जुना हिरवा बावटा आहे. माझं कापड जाडंभरडं, काठी बांबूची. सुकदेवआबा मालगाडीचे गार्ड होते. उधना ते भुसावळ, शेवटच्या डब्यातून, उन्हाधुळीत मी त्यांच्या हाती राबलो. कडेनं उसवलो तेव्हा नवा बावटा आला, पण त्यांनी मला टाकलं नाही. निवृत्तीनंतर लेक कामाला निघाली की ते मला दाखवत. शेजारच्या सुभद्राबाई म्हणायच्या, "भाऊ, पोर काय मालगाडी शे का?" गल्ली हसायची. म्हणून सुषमा मान खाली घालून जायची.

त्या दिवशी आबा गेले आणि मी पोतेऱ्यांत पडलो. कुणीतरी मला घेऊन गॅस पुसला. तो तेलकट डाग अजून गेलेला नाही.

पुढे सुषमा घराण्याची हकीकत लिहायला बसली. आजोबा रुळांवर काम करणारे, वडील गार्ड. आबा घरातही पुटपुटायचे त्या 'राईट' शब्दापाशी ती अडली. त्यांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर भिकनकाका भेटायला आले, तेव्हा तिनं विचारलं, राईट म्हणजे काय. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गाडी सुटली की मागून गार्ड हिरवा बावटा दाखवतो. पुढून ड्रायव्हरनं हात दाखवायचा. म्हणजे सगळी गाडी नीट निघाली. त्याला आम्ही राईट म्हणायचो. तो मिळेपर्यंत तुझा बाप बावटा खाली घ्यायचा नाही."

सुषमानं मला पोतेऱ्यांतून काढलं, धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कापड फाटणारच. पण तुमच्यासाठी कुणी रोज दारात उभं राहत असेल, तर एकदा मान वर करा.

दुसऱ्या सकाळी रिक्षा वळणावर थांबली. सुषमा खाली उतरली. गॅलरीत माणूस नव्हतं, मीच होतो. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. सुषमानं हात उंच केला आणि गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटातही ऐकू येईल असं म्हणाली,

"राईट, आबा. रिक्षाच्या आरशात रोज दिसायचात तुम्ही मला."