पलंगाखालचं माझं वर्ष

मित्रांनो, मी स्वेटर विणायची एक मशीन आहे. जुनी, हातानं चालणारी. पाठीवरचा रंग जागोजागी उडालाय आणि कारखान्याचं नाव कधीच पुसून गेलंय. दिसायला मी काही देखणी नाही. एक लांबट पोलादी पाट, त्यात ओळीनं बसवलेल्या आकड्यांसारख्या सुया आणि त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणारी एक गाडी. गाडी एकदा सरकली की विणीची एक ओळ पुरी. बस, एवढंच माझं काम.

कारखान्यातून मी दुकानात आले आणि दुकानातून एका हौशी बाईंच्या घरी. त्यांची हौस लवकरच फिटली. मग माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. तिथून मला लोकरवहिनींनी विकत घेतलं. वहिनींचं खरं नाव वेगळं आहे, पण त्यांच्या कपड्यांना सदान्‌कदा लोकरीचे तंतू चिकटलेले असायचे, म्हणून गल्लीत त्यांना सगळे याच नावानं ओळखायचे.

भाड्याच्या दोन खोल्या आणि माणसं चार. वहिनींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. सासूबाई गुडघ्यांनी बेजार, तरी स्वेटरला बटणं लावायला सगळ्यांच्या पुढे. आणि शाळकरी मुलगी. मला टेबलावर मांडलं की कुणाला तरी उठून बाहेर जावं लागायचं. मुलगी बापडी जिन्याच्या पायरीवर वही घेऊन बसायची. गाडी डावीकडे नेताना वहिनींचं कोपर दर वेळी कपाटावर आपटायचं. पण माझी वीण सुबक होती. एका शाळेनं आपल्या सगळ्या मुलांचे स्वेटर आमच्याकडे दिले. मुख्याध्यापिका बाई स्वतः येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोल्या रिकाम्या करा, असं ते आडून आडून सुचवू लागले. जवळच एक नवी इमारत उभी राहत होती. वहिनी आणि मिस्त्री तिथली एक जागा पाहून आले. वहिनींनी म्हणे खिडकीखालची भिंत वितीनं मोजली आणि सांगून टाकलं, मशीन इथे. हे ऐकून मी मनात फुलून गेले.

घर घ्यायचं म्हणजे आधी एक मोठी रक्कम एकदम भरावी लागते. उरलेली बँक कर्जानं देते. ती पहिली रक्कम आमच्याकडे नव्हती. पण ज्यांचं आयुष्यात पहिलंच घर आहे, त्यांना ती भरायला मदत करणारी एक योजना होती. अट एकच. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एका ठरावीक रेषेच्या खाली हवं.

मिस्त्रींचा पगार रेषेच्या खाली होता. पण त्या वर्षी शाळेनं जास्तीचे स्वेटर मागवले होते. माझी कमाई मिळवली आणि आकडा रेषेच्या जरासा वर गेला.

“जरासाच ना?” वहिनींनी योजनेच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं.

“वर म्हणजे वर, ताई,” त्या बाई हळूच म्हणाल्या. “पुढच्या वर्षी उत्पन्न खाली आलं, तर नक्की या.”

शेजारच्या काकूंनी सल्ला दिला की स्वेटरचे पैसे दाखवूच नका, लोकर काही बोलत नाही. वहिनींना ते पटलं नाही. खोटं बोलून घेतलेल्या घरात आपला डोळा लागायचा नाही, असं त्या म्हणाल्या. आता कमाई लपवायची नसेल, तर ती थांबवायची, एवढा एकच मार्ग उरला. वहिनींनी मला पुसलं, पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि सासूबाईंच्या पलंगाखाली सरकवलं.

मित्रांनो, अंधाराची मला भीती नाही. पण धडधाकट असून निजून राहायचं, आणि तेही आपल्या माणसांच्या भल्यासाठी, ही शिक्षा फार अवघड. वरून घरातले आवाज यायचे. मिस्त्रींनी जादा पाळ्या नाकारल्या, कारण त्यानंही रेषा ओलांडली असती. मुख्याध्यापिका बाई पुन्हा विचारायला आल्या. वहिनी नाही म्हणाल्या, तर बाईंना वाटलं, यांना काम नकोसं झालंय. त्यांनी ते दुसरीकडे दिलं. बटणांचा डबा तसाच पडून राहिला आणि सासूबाई रिकाम्या हातांनी नुसत्या चादरीच्या दशा ओढत बसू लागल्या. पोटाला चिमटा काढून जगणारी घरं मी पाहिली होती. कमी कमवायला शिकणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होते.

वर्ष सरलं. आकडा रेषेच्या खाली आला. मदत मंजूर झाली. त्या दिवशी घरात किती दिवसांनी हसण्याचा आवाज झाला! मी पेटीतल्या पेटीत वाट पाहू लागले.

मग ते दोघं उरलेल्या पैशांसाठी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी कागद नीट पाहिले आणि म्हणाले की एकट्या मिस्त्रींच्या पगारात हा हप्ता बसत नाही. घरात दुसरं कुणी कमावतं का, असं त्यांनी विचारलं.

“कमावत होते मी,” वहिनी म्हणाल्या. “ते असतं तर मदत मिळत नव्हती, म्हणून बंद केलं.”

साहेबांनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, “पण बंद आहे ते मी उत्पन्नात कसं धरू?”

घरी आल्यावर मिस्त्रींनी हे सारं सासूबाईंना सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, “आई, कुणी वाईट वागलं असतं तर भांडलो तरी असतो.”

इकडे आड, तिकडे विहीर. मंजुरीची मुदत पाहता पाहता संपली. ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. त्यांना हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

एके दुपारी माझ्या पेटीला हिसका बसला. सासूबाई जमिनीवर गुडघे टेकून, एका हातानं पलंगाचा पाय धरून मला बाहेर ओढत होत्या. वहिनी धावत आल्या.

“आई, अहो, तुमचे गुडघे!”

“गुडघे राहू देत,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “घर मिळायचं तेव्हा मिळेल. तू अशी मिटून बसू नकोस.”

वहिनींनी कड्या उघडल्या. माझी दशा पाहून त्यांचे डोळे भरून आले. माझ्या पाटात स्पंजाची एक पट्टी असते, ती सुयांना दाबून धरते. ती चपटी होऊन तिचा भुगा झाला होता. सुया गंजून जागीच अडकल्या होत्या. मिस्त्रींनी नवी पट्टी कापून बसवली, एकेक सुई तेलात भिजवली. मधल्या सुया हळूहळू हलल्या. दोन्ही टोकांच्या मात्र उठल्याच नाहीत. आता मोठ्या माणसाचा स्वेटर माझ्यावर मावत नाही. बाळांच्या टोप्या, मोजे, कानपट्ट्या, एवढंच होतं.

पण पहिल्यांदा काय विणलं, सांगू? सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लोकरीचे दोन पट्टे.

त्यानंतर घरमालकांच्या खोल्या रिकाम्या करून आम्ही दुसऱ्या भाड्याच्या घरात आलो. ते आधीच्यापेक्षा लांब आहे आणि लहानही. मी चालते आहे. आमची कमाई पुन्हा वाढली, तर रेषा आडवी येईल. नाही वाढली, तर बँक. वहिनींना हे ठाऊक आहे, तरी त्या रोज गाडी सरकवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर ते नुसतं झाकून ठेवू नका. अधूनमधून चालवा, तेल द्या. पडून राहिलं की ते आतून संपतं. माणसांच्या हातांचंही तसंच असतं. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या खिडकीमागे बसेल, कुणी बँकेतल्या खुर्चीवर, आणि कुणी कागदावर ती रेषा आखेल. रेषा आखावी लागते, हे मलाही कळतं. फक्त ती आखण्याआधी एकदा कुणाच्या तरी पलंगाखाली वाकून बघा.