बेचाळीस नंबरचा पाइप

पूर ओसरल्यावर सापगाडीचे पाइप धुवायला घेतले, तेव्हा गाळामागोमाग त्यांतून माणसांच्या आरोळ्या बाहेर पडायला लागल्या.

सापगाडी म्हणजे चांदोबा पार्कातला, पोकळ पाइपांच्या रुळांवरून धावणारा रोलर कोस्टर. पाटीवर त्याचं दुसरंच नाव होतं, पण कृष्णाकाठच्या गावांत सगळे सापगाडीच म्हणत. अकरा दिवस ती पाण्यात उभी होती. पाणी गेलं तसा मालकीण अरुंधतीताईंनी हणमंत सुताराला निरोप धाडला. सत्तावीस वर्षांपूर्वी हणमंतानंच ती बोल्ट न् बोल्ट जोडून उभी केली होती. आता तो सहासष्ट वर्षांचा होता, आणि गाडीचे नकाशे पुरात गेले होते.

त्यानं पहिल्या पाइपाचं बूच काढलं. आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग एका पोराची "आई गंऽ!" अशी आरोळी. ती थोडा वेळ हणमंताच्या डोक्यावर घुटमळली आणि फाटकाकडे निघून गेली. दुपारी मोटरसायकलवरून एक टक्कल पडलेला गृहस्थ आला. गळ्यावरून हात फिरवत वॉचमनला म्हणाला, "माझं इथं काही राहिलं होतं का?"

फाटकातच उभा राहून तो एकदा "आई गं" म्हणाला. बरं वाटलं म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणी इस्लामपूरहून, कुणी जतहून. एका कॉलेजच्या प्राचार्य बाई आल्या होत्या. त्यांची पंधराव्या वर्षीची "मेले, मेले!" सापडली, ती घेऊन त्या हसत हसत एसटीनं परत गेल्या.

"किती झाले, मामा?" अरुंधतीताईंनी विचारलं.

"एकोणीस. अठराव्यात आख्खी शाळेची सहल होती."

"आणि ज्या आरोळ्या न्यायला कुणी येत नाही?"

"त्या नदीवरनं खाली जातात. कर्नाटकाकडं. माणूसच नसलं तर येणार कोण?"

बेचाळीस नंबरचा पाइप मोठ्या उताराच्या पोटाशी होता. तो हणमंतानं मुद्दाम मागं ठेवला होता.

गाडीची पहिली चाचणी झाली तेव्हा माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवली होती. एक पोतं कमी पडलं. हणमंताची बायको कलावती डबा घेऊन आली होती. "मी बसते की," ती म्हणाली, "माझं वजन पोत्याएवढंच आहे." हणमंत खाली ब्रेकजवळ उभा. गाडी चढ चढली, क्षणभर थांबली आणि कोसळली. त्या क्षणी वरून हाक आली, "हणमंतऽ!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तोवर ती "अहो" म्हणायची, नाहीतर "ऐकलं का" म्हणायची. खाली उतरल्यावर पदर सारखा करत म्हणाली, "मी कुठं ओरडले? एखादं पोतं ओरडलं असेल." त्यानंतर तिनं पुन्हा कधी त्याचं नाव घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी गेली, तीसुद्धा "अहो" म्हणतच.

रविवारी तेवढा एकच पाइप उरला.

"मामा, उद्या तपासणीला साहेब येणार," अरुंधतीताई म्हणाल्या. "बेचाळीस राहिलाय."

"राहू दे."

"आत गाळ आहे. गंजेल, आणि एक दिवस भरल्या गाडीखाली फुटेल."

"एका पाइपानं काय होतंय?"

"हे तुम्ही बोलताय? मी सात वर्षांची असताना एक बोल्ट ढिला होता म्हणून तुम्ही मला दिवसभर गाडीत बसू दिलं नव्हतंत. मी रडून रडून ताप काढला होता."

 हणमंतानं हातातला पाना पुसला, परत पुसला.

"रांगेतली माणसं मी घरी पाठवते," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही एकटेच काढा."

बूच घट्ट बसलं होतं. निघालं तेव्हा ओंजळभर गाळ आला, मग पाणी, आणि मग ती हाक. "हणमंतऽ!" तिचा गळा बत्तीस वर्षांचाच होता. त्या दिवशी ब्रेकवर हात असल्यामुळं त्याला ओ देता आली नव्हती.

"काय गं?" तो म्हणाला.

नदीकडे निघालेला आवाज थबकला. वळला, शेजारच्या धुतलेल्या पाइपात शिरला आणि पुढं बोलायला लागला.

"हणमंत, तुला खालून दिसत नसेल. इथून आपलं घर दिसतंय. दोरीवरचे कपडे वाळलेत बघ. शेजारीण आपल्या तुळशीला पाणी घालतीय, मला कधी बोलली नाही."

हणमंत पाइपाला कान लावून खालून चालायला लागला. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. आवाजाला उतार लागला तसा तो पळायला लागला. गुडघे दुखत होते. दुखू देत.

"नाव घेतलं की किती हलकं वाटतं रे," वळणावर ती म्हणाली. आणि त्याच्या पुढं निघून जाताना म्हणाली, "खाली आल्यावर मी नाहीच म्हणणार. तू मनावर घेऊ नकोस."

तो धापा टाकत फलाटावर पोचला तेव्हा आवाज थांबला होता. धुऊन ठेवलेली गाडी उभी होती. मोटर जळलेली होती, पार्कात वीज नव्हती, आणि तरी चढावरची साखळी टकटक करत फिरायला लागली.

अरुंधतीताई ऑफिसातून धावत आल्या. "मामा, अजून चाचणी झाली नाही! उतरा!"

"मीच जोडलीय ना," हणमंत म्हणाला.

तो शेवटच्या डब्यात बसला. बाहीनं शेजारची जागा पुसली, जरा कडेला सरकला आणि दोघांच्या मांडीवर येणारा लोखंडी दांडा खाली ओढला. दांडा त्याच्या मांडीपर्यंत आला नाही. चार बोटं वरच, शेजारच्या रिकाम्या जागेवर कशाला तरी टेकून तो थांबला, आणि गाडी चढाला लागली.