पाच टाचण्या

"ही बाही आहे की पोतं?"

आरशासमोर उभ्या असलेल्या निवृत्त हेडमास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. नव्या कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत उतरल्या होत्या, खांद्याची शिवण दंडावर आली होती. "तुझे वडील असते तर असा कोट माझ्या अंगावर चढलाच नसता, पोरी."

तिचे कान तापले. उत्तर तयार होतं आणि चांगलं धारदार होतं. माप घेऊ द्या म्हटलं तेव्हा यांनीच टेप झिडकारली होती. 'बाबांच्या वहीत आहे की माझं माप! मी काय आता वाढणार आहे?' वाढत नाही, सर, आटत चाललाय, एवढंच म्हणायचं होतं. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते, आणि रोज कुणी ना कुणी येऊन ऐकवून गेलं होतं, तुझे वडील असते तर.

आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने मशीनवरच्या उशीतून पाच टाचण्या उपसल्या आणि ओठांत धरल्या. त्यांच्या मण्यांवर दातांच्या बारीक खाचा होत्या. त्या तिच्या जिभेला लागल्या.

ही खोड बाबांची. त्यांचा राग नाकावर नसे, थेट जिभेवर असे. तसे ते नेमाचे. सकाळी मशीनचं कव्हर काढण्याआधी एक स्तोत्र वाचायचे, मग मापांच्या वहीतलं एक पान उघडून त्या पानावरच्या गिऱ्हाइकासाठी उभ्याउभ्याच प्रार्थना करायचे. वही संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. शुक्रवारी दुपारचं जेवण नाही. एवढं करूनही एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, ते धाकट्या भावाला म्हणाले, "तुझ्या हातात कात्री देण्यापेक्षा उंदीर सोडला असता, तर कापड कमी वाया गेलं असतं." लोक हसले. काकाने गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. बाबा चारदा त्याच्या दारी जाऊन माफी मागून आले. त्याने माफ केलंही. पण दुकानाची पायरी तो पुन्हा चढला तो बाबा गेले त्या दिवशी.

तेव्हाच एका शुक्रवारी आई रिकामं ताट उचलत म्हणाली होती, "पोटाचा उपास झाला. जिभेचा कधी धरताय?"

दुसऱ्या दिवसापासून टाचण्या सुरू झाल्या. राग आला की पाच टाचण्या ओठांत, मनात बायबलमधली प्रभूची प्रार्थना, आणि एकेक टाचणी सावकाश कापडात. शेवटची टोचून होईपर्यंत बोलायचं नाही. घरात त्याची थट्टाही व्हायची. दुकानामागच्या स्वयंपाकघरातून आई हाक मारायची, "अहो, टाचण्या काढा आणि जेवायला या!"

पहिली टाचणी तिने उजव्या बाहीत टोचली.

"शनिवारी नातीचं लग्न आहे," हेडमास्तर म्हणाले. "चर्चमध्ये शास्त्रवाचन मला करायचंय. या अवतारात? त्यापेक्षा कोट उचलतो आणि दुसरा शिंपी बघतो."

दुसरी टाचणी.

"काय गं, बोलत का नाहीस?" त्यांनी आरशातून पाहिलं, टाचण्या दिसल्या आणि ते जरा घुटमळले. "तोही असाच उभा राहायचा. मला वाटायचं, माझं बोलणं त्याला फार आवडतं."

तिसरी. मनातली प्रार्थना क्षमेच्या ओळीपर्यंत आली होती.

"जुना कोट बघ," ते आता हळू बोलत होते. "दहा वर्षं वापरतोय. वर्षातून दोनदा इस्त्रीला तेवढा द्यायचो तुझ्या वडिलांकडे. अजून अंगावर बेतल्यासारखा बसतो. म्हणजे मी आहे तसाच आहे ना?"

तिचा हात थांबला. दोन टाचण्या ओठांत तशाच ठेवून तिने वही ओढली. हेडमास्तरांच्या पानावर शाईचे ठसठशीत आकडे होते. कोट तिने त्यावरूनच कापला होता. पान उलटायचं तिला सुचलंच नव्हतं. तिने उलटलं. मागे पेन्सिलीने, दर सहा महिन्यांनी एक, अशी बाबांच्या बारीक अक्षरातली ओळ. प्रत्येक ओळीत खांदा थोडा कमी, बाही थोडी कमी. टेप न लावता, नुसत्या नजरेने घेतलेलं माप. इस्त्रीला आलेला कोट दर वेळी गुपचूप आत घेऊन परत गेला होता.

जे ती आता बोलणार होती, ते बाबांनी दहा वर्षं या माणसाच्या कानावर येऊ दिलं नव्हतं.

चौथी. पाचवी.

"चूक माझी आहे, सर," ती म्हणाली. "मागचं पान बघायचं राहून गेलं. शुक्रवारी न्या."

"मागच्या पानावर काय आहे?"

"तुमचंच माप. बाबांनी घेतलेलं."

"हां, मग ठीक." ते कोटातून बाहेर आले. नुसत्या शर्टात ते केवढेसे दिसत होते. "पोतं म्हणालो ते मनावर घेऊ नकोस हं."

"पोतंच होतं, सर."

ते खो खो हसले आणि तिने पुढे केलेला हात धरून पायरी उतरले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती पाहत राहिली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली. खांदा पाव इंच कमी.

आतून भांड्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारातून आईने बहुधा सगळं पाहिलं होतं.

"अगं, टाचण्या काढ आणि जेवायला ये!"

सात आठवड्यांत ही हाक घरात पहिल्यांदाच ऐकू आली होती. टाचण्या केव्हाच कोटात गेल्या होत्या, तरी तिने ओठांवरून एकदा बोट फिरवलं आणि मगच ओ दिली.